पेटीभर जुने चष्मे

"इस्टरबाई, तुमच्या प्रार्थनेनं कापूस साफ होते का?"

कमलाबाई इंगळेनं भर रस्त्यात मला अडवून विचारलं. आवाज चढलेला. तिनं पदराची गाठ सोडली आणि मूठभर कापूस माझ्या हातावर ठेवला. त्यात वाळक्या पानांचा चुरा होता. दोन-तीन पिवळट, चिकटलेले, कडक तुकडेही होते.

"हा म्या वेचला म्हणे. अन् पुढच्या वेचणीले येऊ नोको म्हणे. मले! टोळीच्या मुकादमले!"

मी तेव्हा खामगाव तालुक्यातल्या एका चर्चमध्ये सेविका होते. सेविका म्हणजे नर्स नव्हे, हे मला नोकरीभर सांगावं लागलं. लोक मला पाहिलं की डोकेदुखीची गोळी मागायचे. चर्चचे प्रमुख म्हणजे पाळक, किंवा पास्टर. ते रविवारची उपासना चालवतात, लग्नं लावतात, माणूस गेला की विधी करतात. सेविकेनं उरलेले सहा दिवस घरोघर फिरायचं. आजारी माणसं, एकट्या बायका, शाळा सोडलेल्या मुली, नवरा-बायकोची भांडणं, सगळं तिच्या वाट्याला. प्रत्येक भेटीला व्हिजिट म्हणायचं आणि ती रजिस्टरमध्ये लिहायची. माझं नाव एस्तेर. गावानं त्याचं इस्टर केलं. एका आजीनं विचारलंही होतं, "बापानं सणाचं नाव काऊन ठेवलं वं तुह्यं?"

कमलाबाई आमच्या चर्चची नव्हती. ती बौद्ध वस्तीतली. पण गरिबांच्या घरी फिरणाऱ्या बाईला वस्त्यांच्या हद्दी फार दिवस पाळता येत नाहीत. एकदा तिच्या सुनेच्या बाळंतपणात मी सोबत दवाखान्यात बसले, तेव्हापासून आमची ओळख पक्की झाली. ती कापूस वेचणाऱ्या बायकांच्या टोळीची मुकादम होती. म्हणजे कुणाच्या शेतात कधी जायचं, किती बायका न्यायच्या, हे ती ठरवायची.

ते वर्ष गुलाबी बोंडअळीचं होतं. आमच्याकडे तोवर सगळी कपाशी बीटी झालेली होती. बीटी म्हणजे असं बियाणं, ज्याच्या झाडातच अळीला मारायचा गुण घातलेला असतो. सुरुवातीची वर्षं तो गुण चालला. मग एक बारीक गुलाबी अळी त्यालाही पचवायला शिकली. ती बोंडाच्या आत बसते, बाहेरून काही कळत नाही. बोंड फुटतं तेव्हा आतला कापूस पूर्ण उमलत नाही, सरकीला चिकटून कडक होतो. त्याला आमच्याकडे कवडी म्हणतात. चांगल्या कापसात कवडी मिसळली की अख्ख्या गाडीचा दर्जा उतरतो. त्यामुळे वेचणाऱ्या बाईनं प्रत्येक बोंडातला चांगला भाग तेवढा काढायचा आणि कवडी वेगळी ठेवायची. हे काम आधीच्या वर्षांत नव्हतं. तेव्हा नुसता हात चालवायचा होता. आता डोळेही चालवायचे होते.

मी दुसऱ्या दिवशी शेताच्या मालकाकडे गेले. सुधाकरराव माणूस वाईट नव्हता. त्यानं मला ओसरीवर बसवून चहा पाजला आणि दोन पोती उघडून दाखवली.

"हे पाहा बाई. हे तरण्या पोरीयनं वेचलं. अन् हे त्या सहा जणींनं. यापाऱ्याचा माणूस पोत्यात कोपरापर्यंत हात घालते, तळातली मूठ काढते, अन् माल बाजूले ठेवते. दोन वेळा झालं असं."

"पण कमलाबाई तुमच्याकडे किती वर्षं येते?"

"माह्या लग्नाच्या आधीपासून. म्हणून त तोंडावर सांगतलं. दुसरा असता त निरोप धाडला असता." तो थोडा ओशाळला. "त्या मुद्दाम करतात असं नाई म्हणत मी. म्हाताऱ्या झाल्या. लक्ष राह्यत नाई. बारा दिवसांनं दुसरी वेचणी लागन. तवा साफ वेचणाऱ्याच येतील."

चहा संपवून मी उठले. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती.

कमलाबाईसह सहा बायका घरी बसणार होत्या. सगळ्या पंचेचाळीस ते साठच्या मधल्या. त्यातली एक आमच्या चर्चची शांताबाई. कापसाचा हंगाम हा या बायकांचा वर्षातला मोठा हंगाम. तो गेला की पुढं तुरीच्या कापणीपर्यंत हाताला काम नाही. त्यातही जिला एका मालकानं "नजर नाही, लक्ष नाही" म्हणून बसवलं, तिला दुसरा मालक बोलावत नाही. अशी बातमी टोळीच्या आधी पुढच्या शेतात पोचते.

संध्याकाळी मी कमलाबाईच्या अंगणात गेले. सहाही जणी तिथंच होत्या. वेचताना कमरेला कापडाची मोठी ओटी बांधतात, तिच्यात कापूस टाकत जातात. त्या ओट्या फाटल्या होत्या आणि बायका त्या शिवायला बसल्या होत्या. काम सुटलं तरी ओट्या शिवत होत्या, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

मी बसले नाही तोच शांताबाईनं सुई माझ्या पुढं केली. "दोरा घालून दे वं माय."

मी पर्समधून चष्मा काढला, घातला, दोरा ओवला. लगेच दुसरीनं सुई दिली. मग तिसरीनं. कमलाबाईनं आधी स्वतः प्रयत्न केला. सुई उजेडाकडे धरली, हात लांब केला, मान मागं नेली, दोऱ्याला थुंकी लावली. दोरा सुईच्या शेजारून गेला. तिनं सुई माझ्या मांडीवर टाकली.

"कमलाबाई, तुम्हाला कापसातली कवडी दिसते का?" मी विचारलं.

"दिसते म्हणजे? मी काय आंधळी हावो? तो पाहा, मारुतीच्या देवळावरचा झेंडा दिसून राह्यला."

"झेंडा लांब आहे. हातातलं दिसतं का?"

तिनं मांडीवरची ओटी झटकली. मग शांताबाई म्हणाली, "हातातलं कोणाले दिसते वं या वयात? ते त तसंच असते."

चाळिशी ओलांडली की जवळचं धूसर होतं. मास्तरला, कारकुनाला ते पहिल्याच महिन्यात कळतं, कारण त्याला वाचायचं असतं. या बायकांना वाचायचं नव्हतं. त्यामुळे त्यांना कधी कळलंच नाही. भात चुलीवर अंदाजानं, टाके अंदाजानं, वेचणी अंदाजानं. गुलाबी अळी येईपर्यंत अंदाज पुरला.

आता मला चर्चच्या मागच्या खोलीतली एक पेटी आठवली. मुंबईच्या एका मंडळीनं, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांनी, कधीतरी वापरलेले चष्मे गोळा करून पाठवले होते. कुणाला द्यायचे, कसे द्यायचे, हे कुणालाच कळलं नव्हतं. पेटी नाताळच्या नाटकाच्या कपड्यांखाली पडून होती.

पाळक होते पास्टर साळवे. नगरकडचे. बदली होऊन आलेले, शिस्तीचे, इस्त्रीचा शर्ट, पेन कायम खिशाला. वऱ्हाडी त्यांना अर्धीच कळायची. मी ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं.

"चष्मे द्यायला माझी हरकत नाही," ते म्हणाले. "पण सिस्टर, आपण डॉक्टर नाही. चुकीचा नंबर दिला तर?"

"माप घ्यायला माणूस आणते."

"ठीक. आपल्या हॉलमध्ये ठेवू. दोन पंखे आहेत, बाकं आहेत. आधी छोटी प्रार्थना, बायबलमधलं एक वचन, मग चष्मे."

मला ते सरळ वाटलं. मी नोकरीत बरीच वर्षं काढली होती, तरी वाटलं.

माप घ्यायला मी हनीफभाईंना गाठलं. पिंपळगाव राजाच्या आठवडी बाजारात ते चष्म्यांचं दुकान मांडायचे. एक लाकडी खोकं, वर आरसा, दोरीला लटकलेल्या फ्रेमा. इतर दिवशी गावोगावचे बाजार करायचे. वय साठीचं, मेंदी लावलेली दाढी, नाकावर स्वतःचा जाड चष्मा.

"बाई, तुम्ही फुकट वाटान त माह्या धंद्याचं काय?"

"या बायका तुमच्याकडे कधी आल्या चष्मा घ्यायला?"

त्यांनी आठवून पाहिलं. "नाई बा. बाई माणूस येते त नवऱ्याच्या चष्म्यासाठी येते. सोतासाठी येत नाई."

"मग तुमचं काय गेलं?"

"हां, ये भी सही हाय." ते हसले. "चला. पण माप मी घेईन. तुम्ही हात लावू नोका. डोळ्याचं काम हाय, अंदाजपंचे चालत नाई."

हनीफभाई एका दुपारी चर्चमध्ये आले आणि पेटी उपसून बसले. सत्तरएक चष्मे होते. नंबर कशावरच लिहिलेला नव्हता. त्यांनी माझं गीतांचं पुस्तक मागून घेतलं, एकेक काच अक्षरांवर धरली आणि हळूच उजवीकडे सरकवली. अक्षर डावीकडे पळालं की चष्मा जवळचा. अक्षर काचेच्या मागोमाग गेलं की लांबचा. किती जोरात पळतं त्यावरून नंबर. तासाभरात त्यांनी जवळचे, लांबचे आणि निकामी असे तीन ढिगारे केले. जवळचे चाळीसेक निघाले. पास्टर साळवे शेजारी उभं राहून पाहत होते. त्यांनी स्वतः दोन चष्मे तपासून पाहिले आणि दोन्ही चुकीच्या ढिगात टाकले. हनीफभाईंनी ते उचलून बरोबर जागी ठेवले.

शुक्रवारी हॉलमध्ये शिबिर ठेवलं. बाकं पुसली, पंखे लावले. सकाळी दहाला सुरुवात. साडेअकरापर्यंत चार बायका आल्या. त्यातल्या तीन आमच्याच चर्चच्या आणि चौथी गोळी मागायला आलेली. शांताबाईसुद्धा टोळीला सोडून आली नव्हती.

मी कमलाबाईच्या घरी गेले. ती दाराशी तूर पाखडत होती.

"का आल्या नाहीत?" मी विचारलं.

"गावात काय बोलून राह्यले माहीत हाय का? चर्चचा चष्मा घातला की त्यातून येशू दिसते म्हणे. मंग माणूस घरच्याले ओळखत नाई."

मी हसले. ती हसली नाही.

"माहा इश्वास नाई त्याच्यावर. पण माह्या पाच बायकायचे घरवाले हायेत, दीर हायेत. तुमच्या हॉलची पायरी चढल्या की दहा तोंडं सुरू होतील. आधीच काम गेलं. अजून नाव बी घालवू काय?" तिनं सूप खाली ठेवलं. "द्यायचंच हाय त आमच्या विहाराच्या ओट्यावर या. सगळ्याईच्या समोर. अन् पास्टरले सांगा, तठी प्रार्थना नाई. तुमची नाई, आमची बी नाई. नुसते डोळे."

तिचं म्हणणं मी पास्टरांना जसंच्या तसं सांगितलं. ते पेनचं टोपण उघडू-मिटू लागले.

"सिस्टर, प्रार्थना नाही, वचन नाही, चर्चसुद्धा नाही. मग मी याला सेवा म्हणून रिपोर्टमध्ये लिहायचं कसं? सुपरिंटेंडंट साहेब विचारतील."

सुपरिंटेंडंट म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्या पाळकांचे वरिष्ठ. ते विचारणार हे खरंच होतं.

"साहेब, दुसरी वेचणी गुरुवारी आहे," मी म्हणाले. "आज शुक्रवार. रिपोर्ट महिनाअखेर आहे."

त्यांनी टोपण मिटलं. "आणि मी तिथं येऊन करू काय? नुसता उभा राहू?"

"काम देते तुम्हाला."

काम होतंही. डोळे तपासायला अक्षरांचा तक्ता लागतो आणि बायकांना अक्षरं येत नव्हती. हनीफभाईंनीच उपाय सुचवला. सुपात तांदूळ घ्यायचे, त्यात बारीक पांढरे खडे टाकायचे. चष्मा घालून बाई खडे झटपट वेचते की चाचपडते, त्यावरून नंबर ठरवायचा. ज्या कामात त्यांचे हात मुरलेले, त्यातच परीक्षा.

रविवारी दुपारी आम्ही विहाराच्या ओट्यावर गेलो. पंखा नव्हता, एका बाजूनं ऊन येत होतं. हनीफभाईंनी खोकं मांडलं. पास्टर साळवेंनी चपला खाली काढल्या, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि मांडी घालून सुपात तांदूळ ओतले. मग खिशातून पुडी काढून त्यात खडे मिसळू लागले.

समोर पन्नासएक माणसं जमली होती. मग एका म्हातारीला राहवेना.

"अय माय! जनम गेला आपला खडे काढता काढता. हा बाप्पा घालून राह्यला!"

ओटा हसण्यानं दणाणला. पास्टरांना वाक्य अर्धंच कळलं, पण कशाला हसतात ते कळलं. तेही हसले. त्यानंतर कुणाला बोलवावं लागलं नाही.

पहिली बसली कमलाबाई. हनीफभाईंनी तिला एक चष्मा दिला. तिनं सुपात बोटं फिरवली, दोन खडे काढले, थांबली. "हे काढा. हा जरा वरचा," ते म्हणाले आणि दुसरा दिला. तो मुंबईच्या कुण्या हौशी बाईचा असावा. मरून रंगाची, कोपरे वर उचललेली मोठी फ्रेम, काड्यांवर चमकीचे ठिपके. कमलाबाईनं तो घातला आणि तिचा हात सुपावरच थांबला. तांदळाकडे पाहणं सोडून ती स्वतःच्या हातांकडे पाहू लागली. कापसाचं बोंड वाळलं की त्याची टोकं काट्यासारखी होतात. तिच्या बोटांवर जुन्या-नव्या ओरखड्यांची जाळी होती.

"माहे हात असे हायेत व्हय?" ती हळूच म्हणाली.

तिनं पदरानं हात पुसले, जणू पुसून जाणार होतं. मग सुपातले सगळे खडे एका दमात काढून ओट्याच्या कडेला ओळीनं मांडले. पास्टर मोजत होते. "मी टाकले होते त्यापेक्षा एक जास्त," ते म्हणाले.

"तो तुमच्या तांदळातलाच व्हता," कमलाबाई म्हणाली. "पास्टरीनबाईले सांगजा, नीट निसत जाय म्हणून."

एका बाईनं मुद्दाम किडकं बोंड आणलं होतं. कमलाबाईनं ते फोडून डोळ्यांजवळ धरलं आणि एकदम ओरडली. "अवं, हे त खरंच गुलाबी हाय! मी समजत होती नुसतं नाव हाय!" हंगाम लागल्यापासून ती या अळीच्या नावानं बोटं मोडत होती. अळी तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

गर्दीतून कुणा माणसानं विचारलं, "काय वं कमलाबाई, येशू दिसला का?"

"मले त अळी दिसली बे! तू बी ये, तुले काय दिसते पाहू!"

तिथून पुढं अफवा चालली नाही.

एक अडचण मात्र शेवटपर्यंत राहिली. फ्रेमांची. बायका आरशात पाहून लाजायच्या, पदर पुढं ओढायच्या. "मास्तरीन दिसून राह्यली." "सून हसन." एकीला सोनेरी साखळीचा चष्मा मापाचा निघाला. ती म्हणाली, साखळी काढा, चोर लागतील. एकीला पुरुषी काळी फ्रेम आली, तिच्या नवऱ्यानंच तिला "या साहेब" म्हटलं. पण खडे दिसू लागले की कुणी चष्मा परत करत नव्हतं.

शांताबाईची पाळी शेवटी आली. हनीफभाईंनी तिला एकामागून एक पाच चष्मे लावून पाहिले. एकानंही खडा दिसेना. मग त्यांनी तिला उन्हाकडे तोंड करायला सांगितलं, वाकून डोळ्यांत पाहिलं आणि मला बाजूला बोलावलं.

"बाई, हे माह्या हातचं नाई. दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू. चष्मा देऊन खोटं समाधान नाई करणार मी."

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातली पारदर्शक काच पांढरट होते. ऑपरेशनशिवाय उपाय नाही. शांताबाईनं ऐकलं. आमच्याच चर्चची बाई, आणि तिच्याच हाती काही नाही. ती म्हणाली, "सगळ्याईले भेटले, मले नाई," आणि लहान मुलीसारखी रडली. कमलाबाई उठून तिच्याजवळ बसली. "तुले त नवा डोळा भेटणार हाय येडे. आमाले मुंबईचा जुना."

मंगळवारी मी शांताबाईला घेऊन खामगावला सरकारी दवाखान्यात गेले. तपासण्या झाल्या, तारीख मिळाली. एका डोळ्याचं ऑपरेशन त्याच महिन्यात झालं, दुसऱ्याचं उन्हाळ्यात. ती वेचणी तिची बुडाली. तेवढे दिवस कमलाबाईच्या टोळीनं तिच्या घरी आळीपाळीनं भाकरी पोचवल्या. आमच्या चर्चला ते सांगावं लागलं नाही, त्यांनीच ठरवलं होतं.

आता प्रश्न सुधाकररावांचा होता. बुधवारी कमलाबाई मला घेऊन त्याच्या ओसरीवर गेली. चष्मा डोळ्यांवर, पदर डोक्यावर, ताठ मानेनं.

"सुधाकरराव, उद्या आमी पाच जणी येऊन राह्यलो. दिवसभर वेचतो. कापूस साफ नसला त आमची मजुरी देऊ नोका अन् परवापासून आमी येत नाई. साफ असला त बोलू."

सुधाकररावानं चष्म्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हे काय नवीन?"

"उद्या पाहा."

मी त्यांच्या घासाघाशीत कधी पडत नसे. पण एका दिवसाची मजुरी अशी पणाला लावणं मला पटलं नाही. परतताना मी तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "त्याले त्याच्याशिवाय समजणार नाई. अन् मले बी."

गुरुवारी दुपारी पास्टर साळवे स्वतःच मला म्हणाले, "सिस्टर, शेतावर व्हिजिट आहे ना आज?" त्यांच्या मोटारसायकलवरून आम्ही गेलो. ओळीत पाच चष्मे चमकत होते. साखळीवाली बाई साखळी काढायची विसरली होती. हात आधीसारखे झपाझप चालत नव्हते. बोंड पकडायचं, पाहायचं, चांगल्या पाकळ्या ओटीत, कवडी कमरेच्या दुसऱ्या पिशवीत. तरण्या मुली पुढं निघून गेल्या होत्या.

चार वाजता पोती झाडाखाली आली. कमलाबाईनं कुणाचं पोतं कुठलं हे सुधाकररावाला सांगितलं नाही. "तुमीच ओळखा."

त्यानं व्यापाऱ्याच्या माणसासारखा कोपरापर्यंत हात घातला, तळातली मूठ काढली, बोटांनी चोळली. कवडी असेल तर बोटाला टोचते. एकेक पोतं तपासत गेला. दोन बाजूला काढली. "हे साफ. एक नंबर. हे पोरीयचे दिसतात." मग तिसऱ्या पोत्यातली मूठ उलगडून म्हणाला, "याच्यात टोचते काही. हे तुमचं."

तरण्यातली एक पोरगी खुदकन हसली. "ते माहं हाय काका."

सुधाकरराव मूठ डोळ्यांपुढं धरून पाहू लागला. हात लांब केला. आणखी लांब केला. मान मागं नेली. कमलाबाई कमरेवर हात ठेवून ते पाहत होती.

"सुधाकरराव, हात पुरत नाई तुमचा."

"काय?"

तिनं डोळ्यांवरचा मरून चष्मा काढून त्याच्यापुढं धरला. तो नको नको म्हणाला. सगळ्या बायका गोळा झाल्या. शेवटी त्यानं तो घातला, चमकीचे ठिपके कानांपाशी लखलखले, आणि तो मुठीतल्या कापसाकडे पाहून म्हणाला, "अरे बाप रे!"

मग त्यानं साफ म्हणून काढलेल्या, म्हणजे कमलाबाईच्या बायकांच्याच पोत्यांत वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. उठून उभा राहिला तेव्हा तोही हसत होता, पण डोळे बायकांकडे नव्हते.

"चुकलं बा माहं," तो म्हणाला. "सगळ्याच या. अन् पोरीयले बी शिकवा जरा."

"शिकवू. पण आमी हळू वेचतो, घाई करायची नाई. आजची मजुरी पुरी. अन् कवडी वेगळी काढायचं काम वेगळं धरायचं."

त्यानं मान्य केलं. चष्मा घालून कुणी वाद घालत नाही, असं पास्टर मला येताना म्हणाले. मी म्हटलं, साहेब, त्या बायकी चष्म्यात त्याला घरचं कुणी पाहत नव्हतं म्हणून, नाहीतर त्यानं तो घातलाच नसता. पुढच्या बाजारात सुधाकररावानं हनीफभाईंकडून स्वतःसाठी साधा काळा चष्मा विकत घेतला.

महिनाअखेरीस रिपोर्ट गेला. पास्टरांनी तो खरा लिहिला. प्रार्थना: नाही. वचन: नाही. ठिकाण: विहाराचा ओटा. सुपरिंटेंडंट साहेबांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातच होते. पलीकडून काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. पास्टर म्हणाले, "हो सर. नाही सर. पुढच्या वेळीही प्रार्थना नाही करणार सर." आणि वर, "सर, तुमच्या गावच्या बायकांची नजर कधी तपासली का?" फोन ठेवून त्यांनी कपाळ पुसलं. पुढच्या महिन्यात सुपरिंटेंडंट साहेबांनी आमची उरलेली पेटी वरवट बकालच्या बाजूला मागवून घेतली. सोबत चिठ्ठी होती, हनीफभाईंचाही पत्ता पाठवा.

नाताळच्या आधीच्या एका रविवारी पास्टरांचं प्रवचन निम्म्यावर आलं होतं. दारातून कमलाबाई आत आली. मागं तिच्या टोळीतल्या तिघी. चपला काढून त्या मागच्या बाकावर ओळीनं बसल्या. चौघींच्या डोळ्यांवर चष्मे. पास्टरांचा आवाज एकदम भरून आला. प्रवचन दहा मिनिटं वाढलं, मधे दोनदा त्यांनी "जे नव्यानं आले आहेत त्यांनी" असंही म्हटलं. मंडळी वळून वळून पाहत होती. मलाही गंमत वाटली आणि जरा भीतीही, कारण मी कमलाबाईला ओळखत होते.

उपासना संपली. पास्टर लगबगीनं मागच्या बाकापाशी आले, दोन्ही हात जोडले. "कमलाबाई, फार आनंद झाला. कसं काय येणं केलं?"

कमलाबाईनं चष्मा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. एक काडी लोंबत होती.

"स्क्रू ढिल्ला झाला. हनीफभाई बाजारच्या दिवसाशिवाय भेटत नाई, अन् उद्या वेचणी हाय. या तिघीयचे बी तसेच. तुमी बोलत व्हते म्हणून थांबलो."

पास्टरांनी लोंबती काडी हलवून पाहिली. मग मला म्हणाले, "सिस्टर, बारीक स्क्रू-ड्रायव्हर कुठं मिळेल?" शिलाई मशीनच्या डब्यातला मिळाला. ते पुढच्या बाकावर बसले आणि एकेक स्क्रू आवळू लागले. बायका भोवती उभ्या राहून सूचना देत होत्या.

मी रिटायर होईपर्यंत तो स्क्रू-ड्रायव्हर चर्चच्या टेबलाच्या खणात होता. माझ्या जागी आलेल्या सेविकेला चार्ज देताना मी रजिस्टर दिलं, किल्ल्या दिल्या आणि तो खण उघडून दाखवला. तिनं विचारलं, हा कशाला? मी म्हटलं, लोक चर्चमध्ये कशासाठी येतात हे आपण आधी ठरवून ठेवायचं नाही. त्यांना विचारायचं, आणि ते जे सांगतील ते करायला बसायचं.